आउटबोर्ड एंजिनाची दंतचक्रपेटी : झीज व निदान

होडीच्या पिछाडीच्या आडव्या फळीला बाहेरून शिकंज्याने अडकविलेल्या, उचलून वेगळ्या करता येणाऱ्या एंजिनास आउटबोर्ड एंजिन म्हणतात. व्यवहारात ते ‘ओबीएम’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. त्याचे तीन भाग असतात : वर अंतर्ज्वलन एंजिन, मध्ये उभा पोकळ पाय आणि खाली, कायम पाण्यात बुडालेली, दंतचक्रपेटी. एंजिनाच्या उभ्या दंडाची गती आडव्या दंडावर आणणे, ती आवश्यक तेवढी कमी करणे, पुढची, मागची व तटस्थ अशा तीन अवस्था देणे आणि पंख्याने उत्पन्न केलेला रेटा होडीपर्यंत पोचविणे ही सर्व कामे ही पेटी करते. पाण्याखाली असल्यामुळे तिच्यातील बिघाड डोळ्यांना दिसत नाही. तो लक्षणांवरून ओळखावा लागतो आणि वेळीच ओळखला गेला नाही, तर होडी प्रवाहाच्या मध्यावर निकामी होते.

समुद्रकिनाऱ्यावर या एंजिनाचा वापर रोजचा असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात लहान मच्छीमार होड्यांना आणि पर्यटकांच्या नौकांना ही एंजिने लावलेली दिसतात. अंतर्भागात चित्र निराळे आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसरासारख्या, वैनगंगा व बावनथडी या नद्यांच्या प्रदेशात मासेमारी मुख्यतः धीवर समाजाच्या वल्ह्यांच्या डोंग्यांवर चालते. तेथे एंजिनाची होडी दिसते ती प्रामुख्याने पूरनिवारणाच्या कामी किंवा मोठ्या जलाशयातील गस्तीसाठी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे वैनगंगेला मोठा पूर आला, भंडारा शहरासह काठची अनेक गावे पाण्याने वेढली गेली आणि अडकलेल्या लोकांना अशाच होड्यांतून बाहेर काढावे लागले. या होड्यांची एंजिने वर्षातील बहुतेक महिने उभी असतात आणि मग एका दिवशी त्यांना तासन्‌तास पूर्ण शक्तीने चालावे लागते. दंतचक्रपेटीच्या दृष्टीने हा वापर सोपा नव्हे. चालण्याने होणारी झीज येथे कमी असते, परंतु उभे राहण्याने होणारी झीज तिच्याहून अधिक घातक ठरते आणि ती तासांच्या मोजणीत कधीच दिसत नाही.

इतिहास : कॅमेरॉन वॉटरमन यांनी अमेरिकेत १९०५ च्या सुमारास अशा एंजिनाचा प्रयोग केला. मिलवॉकी येथील ओली एव्हिन्रूड या नॉर्वेजियन वंशाच्या कारागिराने १९०९ मध्ये ते व्यापारी प्रमाणावर विकण्यास आरंभ केला. उभा दंड व तळाशी शंक्वाकार दंतचक्रे ही मांडणी तेव्हापासून जवळजवळ बदललेली नाही. प्रारंभीच्या एंजिनांना तटस्थ अवस्था नव्हती. एंजिन सुरू झाले की होडी निघे. पुढची, मागची व तटस्थ अवस्था देणारी पेटी १९४९ च्या सुमारास प्रचारात आली आणि तिच्याबरोबर झिजणारा एक नवा भाग, दातेरी क्लच, एंजिनात आला.

रचना : पेटीचे कवच ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे ओतीव असते. उभ्या दंडाच्या खालच्या टोकाला पिनियन म्हणजे लहान शंक्वाकार दंतचक्र बसविलेले असते. ते पंख्याच्या आडव्या दंडावर सैलपणे फिरणाऱ्या दोन मोठ्या दंतचक्रांत एकाच वेळी गुंतलेले असते. त्यांपैकी एक पिनियनच्या पुढे व दुसरे मागे असल्यामुळे ती नेहमी परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. दोहोंच्या मध्ये, दंडावरील खाचांत पुढेमागे सरकणारा दातेरी क्लच असतो. तो ज्या चक्राच्या उभट दात्यांत अडकेल त्या दिशेने पंखा फिरतो. मध्ये राहिला तर पंखा फिरत नाही. दंतचक्रे पृष्ठभागी कठीण केलेल्या पोलादाची असतात. गाभा मात्र चिवट ठेवलेला असतो [⟶ दंतचक्र].

गतीचे गुणोत्तर बहुधा दोनास एक याच्या आसपास असते. पिनियनला १३ व मोठ्या चक्राला २६ दाते असतील, तर एंजिनाचे मिनिटाला ५,००० फेरे पंख्यापाशी २,५०० होतात व परिपीडन दुप्पट होते. ४० अश्वशक्तीचे एंजिन या गतीला सु. ५७ न्यूटन-मीटर परिपीडन देते; पंख्याच्या दंडावर ते घर्षण वगळता सु. ११४ न्यूटन-मीटर होते. हा सर्व भार कोणत्याही क्षणी दोन-तीन दात्यांवर पडतो. शिवाय पंख्याचा रेटा पुढच्या चक्रामागील शंकू-रोलर धारव्यावर, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘बेअरिंग’वर येतो. होडी बहुतेक वेळ पुढेच जात असल्यामुळे पुढचे चक्र, त्याचा धारवा व क्लचची पुढील बाजू हे भाग सर्वांत आधी झिजतात. मागचे चक्र अनेकदा नव्यासारखे राहते.

पेटीत दंतचक्रांचे तेल भरलेले असते. मध्यम एंजिनात ते अर्ध्या लिटरच्या आतबाहेर असते. ते आत राहावे व पाणी बाहेर राहावे यासाठी रबरी ओठांचे रोधक (ऑइल सील) तीन ठिकाणी असतात : उभ्या दंडावर पाण्याच्या पंपाखाली, पंख्याच्या दंडावर आणि अवस्था बदलणाऱ्या सळईवर. यांशिवाय धारवा-वाहकाचे रबरी कडे आणि तेल भरण्याच्या व हवा सोडण्याच्या दोन मळसूत्री बुचांखालील चकत्या असतात. या चकत्या किमतीला नगण्य असतात. पण त्या न बदलता जुन्याच पुन्हा वापरल्यामुळे पेटीत पाणी शिरल्याची उदाहरणे फार आढळतात.

झिजेची कारणे : सर्वांत मोठे कारण पाणी होय. चालताना पेटी तापते, तेल व त्यावरील हवा प्रसरण पावते. एंजिन थांबल्यावर पेटी पाण्यात बुडालेलीच असल्याने ती झपाट्याने निवते, आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि ज्या रोधकातून तेल गळत नव्हते त्यातूनही थोडे पाणी आत ओढले जाते. म्हणूनच बाहेर तेलाचा तवंग दिसत नाही, एवढ्यावरून पेटी घट्ट आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. तेलात शेकडा एकाच्या दशांशाइतके पाणी असले, तरी धारव्याचे आयुष्य लक्षणीय घटते, कारण रोलर व त्याची कडी यांमधील तेलाचा अतिसूक्ष्म पापुद्रा तेवढ्याने तुटतो [⟶ वंगणक्रिया]. गोड्या पाण्याने एंजिनाचे कवच समुद्राच्या पाण्याइतके खात नाही, हे खरे. परंतु आत शिरलेल्या पाण्याच्या बाबतीत हा फरक दिलासा देण्याजोगा नाही. एंजिन काही महिने उभे राहिले, की पाणी तेलाखाली साचते, बुडालेल्या रोलरांवर व दात्यांवर गंजाचे ठिपके पडतात आणि तेलाच्या पातळीवरच्या भागांवर दमट हवेमुळे तांबूस थर चढतो. पुढे भार पडला की ठिपक्याच्या कडेपासून धातूचे पापुद्रे सुटू लागतात.

दुसरे कारण नायलॉनचे सूत. तुटलेल्या जाळ्याचा धागा पंख्याभोवती गुंडाळला जातो, पंखा व कवच यांमधील फटीत शिरतो आणि फिरता फिरता रोधकाचा ओठ कापतो. मासेमारीच्या प्रत्येक तलावात हे घडते. पुराच्या पाण्यात तर जाळ्यांबरोबर दोऱ्या, तारा आणि गवताचे पुंजकेही वाहत येतात. वैनगंगेचे पात्र वाळूचे असल्यामुळे तिसरे कारण तेथे महत्त्वाचे ठरते. वाळूमिश्रित पाणी प्रथम पंपाचे रबरी चक्र खाते व नंतर दंडाचा रोधकाखालचा भाग घासते. उथळ पात्रात वाळूच्या पट्ट्याला किंवा दगडाला बसलेला धक्का पंख्याचा दंड किंचित वाकवितो. तो डोळ्यांना सरळ दिसला, तरी त्याच्या थरथरीने नवा रोधकही थोड्याच दिवसांत गळू लागतो. चौथे कारण चालकाची सवय हे आहे. क्लच हळूहळू सरकवला, तर दाते पूर्ण गुंतण्यापूर्वी एकमेकांच्या कडांवर आपटतात व कडा गोल होतात. म्हणून एंजिन मंद गतीवर आणून क्लच एका झटक्यात टाकावा लागतो. नवख्या चालकाला ही कृती आडदांड वाटते, त्यामुळे तो नेमके उलट करतो.

तेलावरून निदान : पेटी न उघडता करता येणारी ही पहिली व सर्वांत उपयुक्त तपासणी होय. एंजिन रात्रभर उभ्या स्थितीत स्थिर ठेवावे. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वेगळे झालेले पाणी तळाशी बसते. सकाळी वरचे बूच न काढता खालचे बूच थोडेसे सैल केले, तर पहिल्या थेंबांतच पाणी येते. त्यानंतर वरचे बूच काढून सर्व तेल स्वच्छ, उथळ भांड्यात घ्यावे आणि मोजावे. ते नमूद मापापेक्षा कमी भरले, तर गळती आहे. अधिक भरले, तर पाणी आहे. मोजण्याची ही साधी कृती कार्यशाळांत सहसा वगळली जाते.

नंतर रंग पाहावा. दूध घातलेल्या चहासारखे किंवा ताकासारखे तेल म्हणजे पाण्याचे मिश्रण. तथापि नुकत्याच चाललेल्या एंजिनाचे तेल केवळ हवेच्या बुडबुड्यांमुळेही फिकट दिसते. काचेच्या बाटलीत काही तास ठेवल्यास हवेचे बुडबुडे निघून जातात व तेल पारदर्शक होते. पाण्याचे मिश्रण तसेच राहते. संशय उरल्यास तेलाचा एक थेंब पाण्याच्या उत्कलनबिंदूहून बऱ्याच अधिक तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टाकावा. पाणी असल्यास तो तडतडतो. ही चाचणी करताना डोळे जपावेत. काळे, करपट वासाचे तेल अतितापाचे किंवा फार दिवस न बदलल्याचे चिन्ह असते. त्यावरून एकट्याने दाते झिजले असे म्हणता येत नाही.

धातूच्या कणांबाबत बारकाईने पाहणे आवश्यक असते. अनेक एंजिनांच्या खालच्या बुचाला चुंबक असतो. त्यावर बोटांमध्ये चोळल्यास लोण्यासारखा लागणारा करडा लेप असणे स्वाभाविक आहे. नव्या पेटीच्या पहिल्या तेलात तर तो भरपूर असतो, कारण दाते एकमेकांशी जुळत असतात. बोटाला टोचणारी कणी, नखाएवढे चपटे पापुद्रे किंवा सुईसारखे तुकडे असतील, तर पेटी उघडल्यावाचून एंजिन पुन्हा चालवू नये. पापुद्रा एका बाजूने चकचकीत व दुसऱ्या बाजूने खडबडीत असेल, तर तो धारव्याच्या कड्याचा किंवा दात्याच्या पृष्ठभागाचा असतो. कोपरा असलेला जाड तुकडा बहुधा क्लचच्या दात्याचा. चुंबकाला न चिकटणारे पांढरे कण कवचाच्या ॲल्युमिनियमाचे असतात. ते अधिक चिंताजनक समजावेत, कारण धारव्याचे बाहेरचे कडे आपल्या जागी फिरू लागल्याचे ते सुचवितात आणि कवचातील ती जागा पुन्हा मापात आणणे अवघड असते. पिवळसर कण पितळी किंवा काशाच्या वलयांचे असतात.

दाबाची चाचणी : पाणी आढळले, की ते कोठून आले हे शोधावे लागते. तेल काढून वरच्या छिद्रात दाबमापक जोडलेला हातपंप बसवितात. प्रथम दाब अल्प, सु. ०·२ ते ०·३ किग्रॅ./चौ.सेंमी. ठेवून काही मिनिटे पाहावे आणि मग तो ०·७ ते १ किग्रॅ./चौ.सेंमी. पर्यंत वाढवावा. अधिक दाबाने झिजलेल्या रोधकाचा ओठ दंडावर आवळला जातो व गळती लपते. म्हणून अल्प दाबाची पायरी वगळता कामा नये. चाचणी चालू असताना दोन्ही दंड हाताने फिरवावेत, अवस्था बदलून पाहावी आणि पेटी पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहावे. गावपातळीवर यासाठी दोनशे लिटरचे पिंप पुरेसे होते. दाब टिकल्यावर निर्वाताची चाचणीही करावी, कारण पाणी आत ओढले जाते ते आतल्या कमी दाबामुळे, हे वर सांगितलेच आहे. रोधक गळत असल्याचे ठरल्यावर तो काढून दंडाचा त्याखालचा भाग नखाने चाचपावा. नखाला खाच लागली, तर केवळ रोधक बदलून भागत नाही.

आवाज व चालणे : आवाजाचे निदान अनुभवाचे असते आणि त्यात चुकाही होतात. सतत, गतीबरोबर उंच होत जाणारी शीळ दात्यांच्या चुकीच्या गुंतणीकडे निर्देश करते. खरखर किंवा घरघर धारव्याकडे. जाड सळईचे एक टोक कवचाला व दुसरे कानाला लावून कारागीर आवाजाची जागा शोधतात. पिंपात एंजिन चालविताना भार जवळजवळ नसतो, त्यामुळे तेथे शांत वाटणारी पेटी नदीत आवाज करू शकते. पाण्याबाहेर तर एंजिन क्षणभरही चालवू नये; पंपाचे रबरी चक्र कोरडे फिरून फाटते व एंजिन तापून निकामी होते.

एंजिन एकाएकी मोकळे धावू लागले, पण होडी पुढे जात नाही, या एका लक्षणाची तीन कारणे असू शकतात आणि त्यांतील एकच कारण पेटीच्या आत असते. पहिले, पंख्याला जलपर्णी किंवा गवत गुंडाळले जाणे, अथवा पृष्ठभागावरील हवा पंख्यापर्यंत ओढली जाणे. हे एंजिन थांबवून, पाय वर उचलून लगेच कळते. दुसरे, पंख्याच्या मध्यभागी असलेला रबरी गाभा सुटणे. हा गाभा धक्का बसल्यास दंतचक्रांऐवजी आपण घसरावा म्हणूनच ठेवलेला असतो. आतील नळी व बाहेरचे तुंबे यांवर एक सरळ रेघ ओढून होडी चालवावी. परतल्यावर रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले, तर दोष गाभ्याचा आहे. अशी घसरण मऊ असते, मंद गतीत होडी चालते व गती वाढविताच घसरते. तिसरे कारण क्लच सुटणे हे होय. त्यात ‘खट्-खट्’ असे हिसके बसतात, ते संपूर्ण होडीला जाणवतात आणि पुढच्या तपासणीत बुचावर पोलादाचे तुकडे सापडतात. मात्र तेवढ्यावरून क्लच बाद ठरवू नये. बाहेरील तार किंवा सळई जुळवणीत चुकली असेल, तर नवा क्लचही अर्धाच गुंततो. पेटी उकलण्यापूर्वी ही जुळवणी तपासली, तर मोठा खर्च टळण्याची शक्यता असते; आणि जुळवणी न सुधारता नवा क्लच बसविला, तर तोही त्याच मार्गाने जातो.

उकलून तपासणी : उभ्या दंडाचा मुक्त खेळ डायल गेजने मोजतात. पंख्याचा दंड एका बाजूला ताणून धरून उभा दंड हलकेच मागेपुढे फिरविला, की दात्यांमधील मोकळीक कळते. तिच्या मर्यादा प्रत्येक प्रतिमानासाठी निर्मात्याने दिलेल्या असतात. एका एंजिनाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. मोकळीक वाढली असल्यास दाते झिजले असतील किंवा धारव्याने जागा दिली असेल. दुसरी शक्यता अधिक असते, कारण कठीण केलेले दाते सावकाश झिजतात. निळ्या रंगाचा पातळ लेप दात्यांना लावून चक्रे फिरविल्यास गुंतणीचा ठसा उमटतो. तो दात्याच्या एका टोकाला किंवा माथ्यावर सरकलेला असेल, तर पातळ चकत्यांनी म्हणजे ‘शिम’नी चक्राची जागा सुधारतात.

दात्यांच्या पृष्ठभागाचा रंगही बोलका असतो. पोलाद २२० ते २४० अंश से. ला तापल्यास गवती पिवळे व सु. ३०० अंशांना निळे होते. निळे दाते म्हणजे तेल संपल्यावरही एंजिन चालविले गेल्याची खूण होय. अशा दात्यांचा कठीणपणा उतरलेला असतो व ते पुन्हा वापरू नयेत. हलके, चमकदार घर्षण चालू शकते. मोहरीएवढे खड्डे एकमेकांना मिळून पट्टा झाला असल्यास चक्र बदलावे लागते, आणि ते पिनियनसह जोडीने बदलावे. जुन्या पिनियनवर नवे चक्र शीळ घालते व लवकर झिजते. क्लचच्या दात्यांच्या कडा काटकोनात असाव्यात; गोल झालेल्या कडा कानशीने सरळ करण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. त्याने कठीण थर निघून जातो, म्हणून तो तात्पुरताही मानू नये. पंख्याचा दंड दोन आधारांवर फिरवून त्याचा वाकडेपणा डायल गेजने मोजतात. कवचाच्या तळाचे उभे पाते घासलेले किंवा वाकलेले असेल, तर दंड वाकल्याचा संशय धरूनच तपासणीस आरंभ करावा.

पूरनिवारणाच्या एंजिनांसाठी तपासणीचा काळ पावसाळ्यापूर्वीचा नव्हे, तर पावसाळा संपतानाचा असावा. मे महिन्यात तेल काढले तर फक्त झालेले नुकसान कळते. ऑक्टोबरात काढले तर पाणी बाहेर जाते आणि पुढील आठ महिने पोलाद कोरड्या तेलात राहते. सर्वसाधारण वापरात १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, तेल बदलतात. नवे तेल खालच्या छिद्रातून पंपाने वर चढवावे व वरच्या छिद्रातून ते अखंड वाहू लागल्यावर आधी वरचे बूच बसवावे, मग खालचे. वरून ओतलेल्या तेलाखाली हवा अडकते आणि पेटी भरल्यासारखी दिसूनही वरच्या धारव्याला तेल पोचत नाही. पंखा काढून दंडावर गुंडाळलेले सूत काढणे, खाचांना पाण्याने न धुतले जाणारे ग्रीस लावणे व एंजिन उभ्या स्थितीत ठेवणे ही कामे त्याच वेळी करतात. आडव्या ठेवलेल्या एंजिनाच्या पायातील पाणी निघून जात नाही, आणि पाय एंजिनाहून वर राहिल्यास ते उलट सिलिंडरांकडे जाऊ शकते.